दुसऱ्याच्या ओठातली बिडी

"काडेपेटी आहे का हो तुमच्याकडे?"

शेजारच्या खाटेवरून आवाज आला तेव्हा मला त्या वॉर्डात येऊन तासही झाला नव्हता. मेव्हणा मला खाटेवर बसवून केसपेपरच्या रांगेत उभा राहायला गेला होता. मी मान वळवून पाहिलं. चाळिशी ओलांडलेला, चष्मा लावलेला, नीट भांग पाडलेला एक माणूस उशीला टेकून बसला होता. त्याच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या होत्या. अंगावरची चादर उजव्या पायावर उंच दिसत होती आणि डाव्या बाजूला गुडघ्याखाली एकदम सपाट झाली होती.

मी म्हणालो, आहे, पण इथं चालतं का?

"इथं नाही चालत. मागं पाण्याच्या टाकीपाशी चालतं. दोन वाजता सिस्टर जेवायला जातात." शाळेचं वेळापत्रक सांगावं तसं त्यानं सांगितलं. मग पट्ट्या बांधलेले हात वर करून दाखवले. "काडी मात्र तुम्हालाच ओढावी लागेल. बिडीही तुम्हीच धरायची. माझ्याच्यानं आता ते होत नाही."

ही १९८६ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, शिराळ्याकडच्या डोंगरी भागात वीज मंडळात लाईनमन होतो. घरी बायको शालन आणि पाच वर्षांची मुलगी. खांबावर चढायचं, तारा जोडायच्या, फॉल्ट शोधत ओढ्यावघळींतून मैलोन्‌मैल चालायचं, हे माझं काम. बिडी मी अठराव्या वर्षी धरली. पुढं दिवसाला एक बंडल पुरेना.

आदल्या वर्षापासून चालताना उजव्या पोटरीत गोळा यायला लागला. दोनशे पावलं झाली की थांबायचं, पाय चोळायचा, एक बिडी ओढायची, मग पुढं निघायचं. बरोबरचे लोक म्हणायचे, थंडी बाधली असेल. नंतर चपलेच्या अंगठ्यानं घासून पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती भरेचना. काळी पडत चालली. झोप तर उडालीच होती. पाय खाटेखाली लोंबता सोडला की जरा बरं वाटायचं, म्हणून मी बसूनच डुलक्या घ्यायचो. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मिरजेच्या या दवाखान्यात पाठवलं.

तिथल्या हर्डीकर मॅडमनी माझ्या घोट्यावर बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधली. उजव्या पायाला ती लागलीच नाही. त्यांनी मला समोर बसवून सरळ सांगितलं, की हा रोग बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो, आणि बहुतेक तुझ्यासारख्या तरण्या पुरुषांना. हातापायांतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, त्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि पुढच्या बोटांना रक्त मिळत नाही. कमरेत एक ऑपरेशन करता येतं, रक्तवाहिन्या आवळून धरणारी नस त्यात कापतात. पण त्याआधी तीन आठवडे एकही बिडी चालायची नाही. आणि नंतर जन्मात नाही.

"एक ओढली काय अन् वीस ओढल्या काय, या रोगाला सारखंच," त्या म्हणाल्या. "सोडलीत तर अंगठ्यावर भागेल. नाही सोडलीत तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, आणि तिथंही ते थांबेल असं मी सांगत नाही."

मी मुलीची शपथ घेतली. सोडली म्हणालो. त्या वेळी दोन बंडलं माझ्या वळकटीत होती.

शेजारच्या माणसाचं नाव भूपाल मगदूम. शिरोळकडच्या एका हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे. वॉर्डात सगळे त्यांना सर म्हणायचे. रूथ सिस्टरसुद्धा. कुणाचं पत्र वाचून दाखव, कुणाला गोळीचं नाव समजावून सांग, रडणाऱ्या म्हाताऱ्याला शिवाजी महाराजांच्या काळातली एखादी गंमत ऐकव, असं त्यांचं दिवसभर चाललेलं असायचं. दोन वाजले की मी त्यांना उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायचो आणि लंगडत लंगडत खुर्ची ढकलत टाकीपाशी न्यायचो. एक बिडी पेटवून त्यांच्या ओठात धरायची, त्यांनी झुरका घेतला की काढायची, पुन्हा धरायची. मधल्या वेळात माझी मी ओढायची. लहान पोराला भरवावं तशी ती कसरत असायची. पहिल्या दिवशी मला ओशाळल्यासारखं झालं. चौथ्या दिवशी काहीच वाटेनासं झालं.

त्यांची बायको रोज चार वाजता एसटीनं डबा घेऊन यायची. पद्मावती तिचं नाव, पण आम्ही अक्का म्हणायचो. जैनांचं घर, त्यामुळं सूर्य मावळायच्या आत जेवण व्हायला पाहिजे. ती स्टुलावर बसून सरांना घास घास भरवायची, तोंड पुसायची, केस विंचरायची. बोलायची फार कमी. मलाही भाकरीचा चतकोर द्यायची आणि शालनची, मुलीची चौकशी करायची. शालन पिकं आणि जनावरं सोडून येऊ शकत नव्हती. मेव्हणा आठवड्यातून एकदा यायचा, तेवढाच.

पहिला पाय कसा गेला ते सरांनी मला टाकीपाशीच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा त्यांनी बिडी खरोखर सोडली होती. चार महिने हात लावला नाही. मग एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात चहानंतर कुणीतरी सिगारेट पुढं केली. एकच झुरका घेतला. पंधरा दिवसांत पुन्हा बंडल खिशात आलं. त्यानंतर हाताची बोटं दुखायला लागली. आता उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, डाव्याचं एक जायच्या वाटेवर होतं, आणि उरलेल्या पायाच्या टाचेला जखम होती.

सहाव्या दिवशी सरांनी मला एक प्रयोग दाखवला. शाळेच्या प्रयोगशाळेतला लांब काचेचा तापमापक त्यांनी अक्काकडून मागवून घेतला होता. रोज पायाचं तापमान लिहून डॉक्टरांना दाखवायचं आहे, असं तिला सांगितलं होतं. टाकीपाशी गेल्यावर ते म्हणाले, आज आधी ओढायची नाही. तुमच्या चांगल्या पायाच्या अंगठ्याला हा चिकटपट्टीनं लावा. मी लावला. थोडा वेळ थांबून त्यांनी आकडा वाचायला सांगितला. एकतीस होता. नाडी मोजायला लावली. मिनिटाला चौऱ्याहत्तर.

"आता ओढा."

मी ओढायला लागलो. सर चष्म्यातून माझ्याकडं बघत राहिले. बिडी संपली आणि पाचेक मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं. पारा अठ्ठावीसवर आला होता. नाडी ब्याण्णव.

"तीन अंश," ते म्हणाले. वर्गात फळ्यासमोर उभे असल्यासारखा त्यांचा आवाज झाला. "झुरका घेतल्यावर दहाएक सेकंदांत निकोटिन मेंदूत जातं, सर्जेराव. अंगात हुकूम सुटतो, काळजाला पळवा आणि बारीक नळ्या आवळा. धडधाकट माणसाच्या नळ्या आवळल्या तरी थोड्या वेळानं सैल होतात. तुमच्या माझ्या आधीच सुजून केसाएवढ्या उरल्यात. त्या आवळल्या की पलीकडं काही जातच नाही. बोट उपाशी मरतं. काळं होतं म्हणजे काय होतं? मेलेलं असतं ते."

मी पायाकडं बघत बसलो. हा माझा चांगला पाय होता. मग मी त्यांना विचारलं, की एवढं माहीत असून तुम्ही का ओढता?

ते हसले, पण चेहरा हसल्यासारखा दिसला नाही. "त्याच दहा सेकंदांत मेंदूला बक्षीस मिळतं ना. पाय बिचारा मेंदूपासून लांब. त्याचं कोण ऐकतो?"

मग त्यांनी मान पुढं केली आणि मी त्यांच्यासाठी बिडी पेटवली.

त्या संध्याकाळी मी घाबरून एकही ओढली नाही. सकाळी उठलो तर डोकं भणभणत होतं. समोरच्या म्हाताऱ्याच्या खोकल्यावरून मी त्याच्यावर खेकसलो. दोन वाजता आम्ही पुन्हा टाकीपाशी होतो. तापमापक सरांनी आणायला सांगितला नाही, आणि मीही त्याची आठवण काढली नाही.

असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी चार वाजता अक्का आली तेव्हा हर्डीकर मॅडम सरांच्या टाचेची पट्टी सोडत होत्या. जखम वाढली होती. पायाच्या करंगळीशेजारच्या बोटावर नवा काळा डाग उठला होता. मॅडमनी पाय हातात धरला, गार लागला असावा. मग त्या वाकल्या आणि सरांच्या शर्टाचा वास घेतला. सरळ उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना वाईट बाई कुणी म्हणणार नाही. दोन वर्षांपासून त्या या एका माणसाच्या मागं लागल्या होत्या, आणि त्यांचा राग निघाला तो समोर डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईवर.

"तुम्ही नवऱ्याला जेवण आणता, की त्याचा पाय कापायची तयारी करून आणता?"

अक्काला आधी कळलंच नाही. मॅडम म्हणाल्या, ह्यांचे हात बांधलेले, एक पाय नाही, मग बिड्या कोण आणून देतं? वॉर्डात बाहेरून रोज येणाऱ्या तुम्हीच आहात. त्यांनी पिशवी मागितली. अक्कानं ती दिली. सिस्टरनी एकेक वस्तू काढून स्टुलावर ठेवली. डबा, ताकाची बाटली, धुतलेला बनियन, कंगवा. बिडी नव्हती. पण मॅडमचा विश्वास बसला नव्हता. उद्यापासून डबा खाली दारात द्यायचा, वर यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं.

अक्कानं सरांकडं पाहिलं. सर खिडकीकडं बघत होते.

मी माझ्या खाटेवर होतो. बंडल माझ्या उशीच्या खोळीत होतं. मला नुसतं एवढंच म्हणायचं होतं, की मॅडम, त्यांनी नाही, मी. चार शब्द. ते तोंडातून निघाले नाहीत. त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं ते मी लपवत नाही. मला अक्काची कीव आली, पण तिच्याही आधी एक विचार येऊन गेला, की मी बोललो तर उद्या दोन वाजता ओढायला मिळणार नाही. मॅडम निघून गेल्यावर सरांनी माझ्याकडं एकदा नजर टाकली आणि लगेच काढून घेतली. त्यांच्याही मनात तेच होतं हे मला तेवढ्यात समजलं. अठरा वर्षं ज्या बाईनं संसार केला, ती सगळ्यांच्या देखत चोर ठरली, आणि आम्ही दोघं उद्याच्या बिडीचा हिशेब करत होतो.

अक्कानं डबा उघडला नाही. स्टुलावरच ठेवला, पिशवी घडी करून काखेत धरली आणि गेली. त्या दिवशी सरांना मी भरवलं. दोन घास खाऊन त्यांनी मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मी फाटकाबाहेरच्या टपरीवरून नवं बंडल आणायला उतरलो. अक्का खालच्या पायऱ्यांवर बसलेली होती. नेहमीपेक्षा तीन तास आधी आली होती. डबा देऊन परत जायचं तर लवकरची गाडी बरी, असं तिला वाटलं असावं, पण डबा आत देऊनही ती बसूनच होती. मला बघून तिनं हाक मारली.

"भाऊ, जरा बसा."

मी बसलो. तिनं रिकामी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "ओठाला जखम झालीय त्यांच्या. काल बघितली मी. बिडी पार संपेपर्यंत धरू नका. चटका बसतो."

मी विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

पहिल्या दिवसापासून, ती म्हणाली. तुमच्या दोघांच्या कपड्यांना एकच वास असतो.

"मग काल बोलला का नाही, अक्का?"

"बोलून काय झालं असतं? तुम्हाला घरी पाठवलं असतं. तुमची बायको तिकडं लांब, पोरगी लहान. पाय कुजला असता तुमचा." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आणि तुम्ही गेला असता तर ह्यांनी दुसऱ्या कुणाकडं मागितलं असतं. मागच्या खेपेला इथं झाडणाऱ्या माणसाच्या पाया पडले होते. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ज्यांच्या पाया गावातली पोरं पडतात, ते. तुम्ही निदान सर म्हणून देता."

एवढं बोलून ती उठली. म्हणाली, दोनची गाडी मिळेल. मी तिथंच बसून राहिलो. समोर फाटक होतं, फाटकापलीकडं टपरी होती. मला बिडी हवी होती. तिचं ऐकल्यावरही हवी होती, हे खोटं कशाला सांगू? पण पाय उचलेना. पिशवी घेऊन थांब्याकडं चाललेली ती बाई दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो. मग जिना चढून वर आलो. दोन वाजले, सर खुर्चीची वाट बघत होते. मी पोट दुखतंय म्हणून भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो.

सकाळी राऊंडला मॅडम आल्या तेव्हा मी खोळीतलं उरलेलं बंडल काढून त्यांच्यापुढं धरलं. म्हणालो, अक्कांनी कधी काही आणलं नाही. मी आणतो. मी त्यांच्या तोंडात धरतो, आणि मीही ओढतो. मी घेतलेली शपथ खोटी होती.

आता मला हाकलणार असं मी धरूनच चाललो होतो. मॅडमनी बंडल हातात घेतलं. मग सिस्टरना विचारलं, की ह्या बाई किती वाजता येतात? त्या दिवशी अक्का आली तेव्हा मॅडम स्वतः जिना उतरून खाली गेल्या. काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण वर आल्या तेव्हा डब्याची पिशवी मॅडमच्या हातात होती आणि अक्का मागून येत होती. माझ्यापाशी थांबून मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुमचे तीन आठवडे आजपासून. आज पहिला दिवस."

पुढचे चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दिवस. अंगात ताप नसताना घाम फुटायचा. भूक लागायची आणि अन्न गोड लागायचं नाही. छातीत काहीतरी कुरतडत राहायचं. दोन वाजले की नकळत उठून बसायचो. रूथ सिस्टर मला लवंग द्यायच्या, पाणी प्यायला लावायच्या, आणि तलफ पाच-सात मिनिटांची असते, तेवढी काढा म्हणायच्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत ती मिनिटं काढायचो. ती जायची. तासाभरानं पुन्हा यायची.

सरांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. दोन दिवस त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते भडकले. मला विश्वासघातकी म्हणाले, अडाणी म्हणाले, आणि असे काही शब्द बोलले की समोरच्या म्हाताऱ्यानं कानांवर हात ठेवले. मी ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी चार वाजता अक्का नुकतीच येऊन बसली होती, डब्याचं झाकण उघडत होती. सर माझ्याकडं वळले.

"साहेब," ते मला म्हणाले. "एकच आणून द्या, साहेब. पुन्हा मागणार नाही. पाया पडतो तुमच्या."

पट्ट्या बांधलेले हात त्यांनी जोडले होते.

ते मला कायम सर्जेराव म्हणायचे. आणि मी त्यांना सर म्हणत होतो. मला रडू यायला लागलं. मी म्हणालो, "नाही आणणार, सर."

अक्का उठून दाराकडं निघाली. ती रागावली नव्हती. तिला ते बघायचं नव्हतं, एवढंच. सरांनी तिला जाताना पाहिलं. मला वाटतं त्या क्षणी त्यांना स्वतःचा आवाज ऐकू गेला. त्यांनी हात खाली घेतले आणि हाक मारली, "पद्मा."

ती थांबली.

"त्या दिवशी मॅडम तुला बोलल्या तेव्हा मला माहीत होतं. मी गप्प बसलो. मला बोलता येत होतं, आणि मी बोललो नाही." ते अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होते. "मी बिडीसाठी गप्प बसलो."

अक्का परत आली. स्टुलावर बसली. डबा पुढं ओढला. मग भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडापुढं धरला. "जेवून घ्या," ती म्हणाली. "दिवस मावळायच्या आत."

माझं ऑपरेशन मार्चमध्ये झालं. अंगठा गेला, तो जाणारच होता. पण पाय गरम राहायला लागला, जखम दोन महिन्यांत भरली. खांबावर चढायचं काम सुटलं, मला सबस्टेशनवर ड्युटी मिळाली. तलफ म्हणाल तर ती वर्षभरानंतरही यायची, एसटी स्टँडवर कुणी बिडी पेटवली की जीभ ओली व्हायची. हळूहळू येईनाशी झाली. सरांनीही त्या दिवसापासून बिडी सोडली, पण त्यांना उशीर झाला होता. त्यांचा दुसरा पायही गुडघ्याखाली काढावा लागला. हाताची उरलेली बोटं मात्र राहिली. मला घरी सोडलं त्या दिवशी ते ऑपरेशननंतर गुंगीत होते, त्यामुळं आमचा नीट निरोप झाला नाही. नंतर दिवाळीला त्यांचं पत्र यायचं. खडू धरता येतो असं एकदा लिहिलं होतं. घरीच दहावीच्या मुलांना शिकवत होते.

सत्त्याण्णव साली त्यांच्या पुतण्याचं कार्ड आलं. सर न्युमोनियानं गेले होते. मी शालनला घेऊन त्यांच्या गावी गेलो. अक्काचे केस पार पिकले होते, पण तिनं मला लगेच ओळखलं. शालनला जवळ बसवून घेतलं. बरीच मंडळी येऊन जाऊन होती. त्यातल्या एका नातेवाइकानं हळहळत म्हटलं, की बिचाऱ्यांनी एवढ्या कष्टानं बिडी सोडली, पण काय उपयोग झाला? पाय तर दोन्ही गेलेच.

तो माणूस गेल्यावर अक्का आम्हा दोघांकडं वळली.

"लग्न झाल्यापासून अठरा वर्षं हे माझ्याशी खोटं बोलत होते," ती म्हणाली. "खिशात काय, कुठं गेला होता, हा वास कसला, दिवसातून दहादा. वाईट माणूस नव्हता, भाऊ. ती बिडी खोटं बोलायला लावायची. पाय गेले ते खरं. पण शेवटची अकरा वर्षं ते माझ्याशी एकदाही खोटं बोलले नाहीत. तेवढी अकरा वर्षं मी त्यांच्याबरोबर राहिले."

मग ती आमच्यासाठी चहा टाकायला उठली.